सिमिलीपालचे काळे वाघ: नैसर्गिक निवड की निव्वळ योगायोग?

अनुवंश:
ओडिशातील सिमिलीपालच्या काही वाघांचे पट्टे इतके रुंद असतात की ते एकमेकांत मिसळून वाघच काळा भासतो. टॅकपेप जनुकातील एका बदलामुळे हे घडते, असे बंगळुरूच्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले. या जनुकरूपाचे, म्हणजे जनुकाच्या या बदललेल्या आवृत्तीचे, तेथील सर्व प्रतींमधले प्रमाण सुमारे ५८ टक्के आहे. ते अप्रभावी असल्याने आई आणि बाप दोघांकडून आले तरच रंग दिसतो, म्हणजे अंदाजे तिनातला एक वाघ काळा. एवढ्या मोठ्या प्रमाणाला नैसर्गिक निवड म्हणण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. रंगाशी संबंध नसलेली जनुकीय चिन्हके (डीएनएतील ओळखखुणा) सांगतात की हे वाघ मोजक्या पूर्वजांचे वंशज असून इतर वाघांपासून तुटलेले आहेत, आणि एवढ्या थोड्या वाघांत कसलाही लाभ न देणारे जनुकरूपसुद्धा योगायोगाने बहुसंख्य होऊ शकते.

पळसपान:
मी सहमत नाही. योगायोग पुरेसा ठरतो, एवढ्यावरून निवड झालीच नाही असे सिद्ध होत नाही. दाट सालवनाच्या सावलीत गडद वाघाला सावजाच्या जवळ जाणे सोपे जात असेल, तर तो लाभ थोडक्या वाघांच्या आकडेवारीत दिसणारच नाही.

अनुवंश:
शक्यता मान्य आहे, पण पुरावा कुठे आहे? ऍरिझोनातील लाव्हाच्या काळ्या खडकांवर गडद उंदीर आणि शेजारच्या फिकट वाळूवर फिकट उंदीर आढळतात. तेथे रंगाच्या जनुकाचे रूप जमिनीच्या रंगाप्रमाणे वेगळे असते, तटस्थ (रंगाशी संबंध नसलेली) चिन्हके मात्र तशी बदलत नाहीत. निवडीचा दावा अशा तफावतीवर उभा राहतो. सिमिलीपालला तुलनेसाठी दुसरे रानच नाही.

वनदृष्टी:
तुलना आता त्याच रानात घडू शकेल. नवे रक्त मिळावे म्हणून २०२४ मध्ये आपल्या ताडोब्यातून जमुना आणि झीनत या वाघिणी तेथे नेण्यात आल्या. काळ्या नरापासून त्यांना होणारे बछडे नेहमीच्या रंगाचे, पण ते जनुकरूप वाहणारे असतील. काळी पिल्ले पुढच्या पिढ्यांतच पुन्हा दिसतील. विष्ठेतील डीएनएवरून त्यांची वंशावळ लावून, एकाच आईच्या काळ्या आणि पिवळ्या पिल्लांपैकी किती जगतात व किती प्रजनन करतात, हे वीसेक वर्षे मोजले पाहिजे. पळसपान यांच्या शंकेचे उत्तर त्या नोंदींतून मिळू शकेल, आणि त्या नोंदी पहिल्या बछड्यापासून ठेवायला हव्यात.