विषय: आईबाबांना कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये न्यायचंय, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

आम्ही मार्चमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला आलो. पुढच्या गुरुवारी आईबाबा येतायत, पहिल्यांदाच. घरापासून चालत पाच मिनिटांवर एक डायनर, म्हणजे इथलं साधं खाण्याचं हॉटेल, आहे. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला लाल गाद्यांचे बूथ, म्हणजे समोरासमोर बाक आणि मध्ये टेबल. शनिवारी सकाळी तिथे पेपर वाचत बसलेले आजोबा असतात, रात्रपाळी संपवून आलेल्या नर्स असतात, सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. बाबांना अशी जागा फार आवडते. पण ते पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आईला अंडं चालतं. काय मागवावं?

दुसरी गोष्ट मनाला लागून राहिली आहे. मागच्या महिन्यात 32 डॉलरच्या बिलावर आम्ही 2 डॉलर टीप ठेवून निघालो. वाढणारी बाई दारापर्यंत मागे आली आणि हळूच म्हणाली, "माझं काही चुकलं का?" मला काही बोलताच आलं नाही. तेव्हापासून तिकडे पाऊल टाकलेलं नाही.

– नवीन सभासद, एडिसन

---

विषय: उत्तर: आईबाबांना कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये न्यायचंय

प्रिय नवीन सभासद,

मंडळात स्वागत. डायनरची आवड असेल तर याहून चांगलं राज्य मिळणार नाही. डायनरची सुरुवात 1872 साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला झाली. वॉल्टर स्कॉट नावाचे गृहस्थ घोडागाडीतून रात्री काम करणाऱ्यांना खाणं विकत. पुढे आपल्या न्यू जर्सीत जेरी ओमाहोनी यांच्यासारखे कारखानदार अख्खं डायनर कारखान्यातच बांधून जागेवर नेऊन ठेवू लागले. रस्त्याने किंवा रेल्वेने न्यायचं म्हणून रुंदी बेताची, आणि म्हणून ते लांबट काउंटर आणि ओळीने स्टुलं. समिट गावातलं समिट डायनर ओमाहोनींच्याच कारखान्यातलं आहे. बाबांना एकदा तिथेही न्या. दारातून आत शिरताच त्यांना डेक्कन क्वीनची डायनिंग कार आठवेल, माझं तसंच झालं होतं.

बारबद्दल एवढंच. आपल्या राज्यात गावच्या दर 3,000 लोकसंख्येमागे एक, या हिशोबाने बारचे परवाने मिळतात. त्यामुळे परवाना फार महाग असतो आणि बऱ्याच हॉटेलांत आपली बाटली आपणच न्यायची पद्धत आहे. तुमच्या डायनरला बार आहे म्हणजे मालकाने त्यात बरंच काही ओतलेलं असणार. बाबांना बिअर घ्यायची असेल तर पासपोर्ट बरोबर ठेवा. वय 21 च्या वर आहे हे केसांवरून दिसत असलं तरी काही ठिकाणी ओळखपत्र मागतातच.

– एक जुने सभासद

---

विषय: उत्तर: उत्तर: आईबाबांना कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये न्यायचंय

अगं,

काकांनी इतिहास सांगितला, मी आतलं सांगते. ह्यांची नोकरी गेली तेव्हा मी चार वर्षं एका डायनरमध्ये वाढायचं काम केलं आहे.

आधी बाबांचं. "शाकाहारी आहे का?" एवढं विचारून भागत नाही, कारण भाजीचं सूप शाकाहारीच म्हणून सांगतात आणि त्यात कोंबडीचा स्टॉक, म्हणजे कोंबडी उकळून काढलेलं पाणी, असतो. सुपाला पाणी वापरलंय की स्टॉक, असंच विचार. डिस्को फ्राइज म्हणजे फ्राइजवर चीज आणि तपकिरी ग्रेव्ही. ती ग्रेव्ही मांसाची असते. नुसते फ्राइज मागवलेस तरी कोंबडी त्याच तेलात तळतात का, ते विचार. हॅश ब्राउन, म्हणजे परतलेला किसलेला बटाटा, ज्या तव्यावर होतात त्यावरच शेजारी बेकन, म्हणजे डुकराचं मांस, परतलं जातं. पॅनकेकच्या पिठात अंडं असतं. इथले बरेच मालक ग्रीक, त्यामुळे पालकाचं स्पानाकोपिता मिळतं आणि दिसतंही छान, पण त्यातही बहुधा अंडं असतं. बाबांना ग्रिल्ड चीज सँडविच मागव आणि "स्वच्छ पॅनवर करा" म्हणून सांग. आम्ही स्वयंपाक्याला तसं सांगायचो आणि तो वेगळं पॅन घ्यायचा, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ओटमील, टोस्ट, फळं आहेतच. आईला अंडं कसं हवं ते आधीच विचारून ठेव. नाहीतर ती बाई सनी साइड, ओव्हर ईझी, ओव्हर हार्ड असं भराभर म्हणेल आणि आई गोंधळेल. पिवळं पूर्ण शिजलेलं हवं तर ओव्हर हार्ड.

आता टीप. ही बक्षिसी नाही गं, हा पगार आहे. टीप मिळणाऱ्या माणसाला मालकाने तासाला रोख किती द्यायचे, याचा केंद्राच्या कायद्यातला आकडा 2.13 डॉलर आहे आणि 1991 पासून तो हललेला नाही. आपल्या राज्यात त्याहून जास्त मिळतात, पण घर चालतं ते टेबलावर ठेवलेल्या पैशांवरच. टीप धरूनही किमान वेतन भरलं नाही तर उरलेले मालकाने घालायचे असा नियम आहे. पण ते मागायला तोंड उघडावं लागतं, आणि नवख्या बाईला ते जमत नाही. मला नाही जमलं. शिवाय मिळालेल्या टीपेतून टेबल पुसणाऱ्या पोराला आणि बारवाल्याला वाटा द्यायचा. पाळी संपल्यावर काटेचमचे कागदी रुमालात गुंडाळायचे, अर्ध्या केचपच्या बाटल्या एकीत एक ओतून भरायच्या, तेव्हा समोर गिऱ्हाईक नसतं आणि टीपही नसते.

म्हणून 20 टक्के धर. 32 वर 6 डॉलर 40 सेंट. बऱ्याच डायनरमध्ये बिल दाराजवळच्या गल्ल्यावर भरतात आणि टीप टेबलावर रोख ठेवतात. पाचाची आणि एकाच्या नोटा जवळ असू देत.

ती तुझ्या मागे आली ती भांडायला नव्हे. मीही एकदा अशीच एका कुटुंबामागे गेले होते. रात्रभर वाटत राहतं की आपण कॉफी वेळेवर भरली नाही का, काही उर्मट बोललो का. पुन्हा जा, तिच्याच टेबलावर बसायचंय म्हणून सांग आणि खरं काय ते तिला सांगून टाक.

– मेटाचनची काकू

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: आईबाबांना कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये न्यायचंय

काकू, काका,

काल सकाळी जाऊन आलो. ती होती. मी म्हटलं, "त्या दिवशी तुमचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही इथे नवीन होतो, पद्धत माहीत नव्हती." तिने हातातलं कॉफीचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मला वाटलं अंडी कच्ची राहिली." मग बाबांच्या ग्रिल्ड चीजसाठी स्वतः आत जाऊन वेगळं पॅन घ्यायला सांगून आली. नारिंगी दांड्याच्या भांड्यात कॅफीन नसलेली कॉफी असते, हेही तिनेच आईला दाखवलं. बाबांचा कप ती तिसऱ्यांदा भरायला आली तेव्हा ते घाबरून म्हणाले, "अगं, किती होणार बिल!" दुसऱ्यांदापासून कॉफीचे पैसे नसतात म्हटल्यावर त्यांनी तिला हात जोडून नमस्कार केला आणि तिनेही भांडं बाजूला ठेवून तसेच हात जोडले.

उद्या पुन्हा जातोय. बाबांनी बूथ नको म्हणून सांगितलंय, त्यांना काउंटरवर पेपरवाल्या आजोबांच्या शेजारी बसायचंय.

– एडिसनची सभासद