हास्यजत्रेतली कुठली स्किट्स दुसऱ्यांदा बघतानाही टिकतात?

गच्चीवरचा अँटेना (धागाकर्ता)

सोनी मराठीवरची महाराष्ट्राची हास्यजत्रा आमच्याकडे जेवताना लागतेच, टीव्हीवर नाही तर यूट्यूबवर. हल्ली तर नव्यापेक्षा जुनीच जास्त बघतो कारण बायकोला ओंकार भोजने असलेलीच स्किट्स हवी असतात. तर होतं काय, की पहिल्यांदा बघताना ज्यावर ठसका लागेपर्यंत हसलो होतो तेच परत लावलं की चेहऱ्यावरची रेष हलत नाही, आणि काही स्किट्स मात्र पुढचं वाक्य पाठ असूनही तेवढीच हसवतात. असं का होत असावं?

मला वाटतं पालुपदावर उभी असलेली स्किट्स पटकन शिळी होतात. प्रभाकर मोरेंनी "शालू झोका दे गो मैना" म्हणत तो शालूचा डान्स पहिल्यांदा केला तेव्हा आम्ही सगळे घरात तसं नाचलोय, खोटं कशाला बोलू. पण नंतर नंतर स्किट कुठलंही असो, मयताचं असो नाहीतर बँकेतलं, शालू येणार हे माहीत असायचं आणि मग आपण स्किट बघतच नाही, शालूची वाट बघतो. याउलट समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांची नवरा-बायकोची स्किट्स घ्या. चौघुले एखादी अत्यंत फालतू गोष्ट इतकी जीव तोडून पटवून देत असतो आणि विशाखाताई त्याच्यापेक्षा सिरियस होऊन ऐकत असतात की त्या दोघांना आपण विनोद करतोय हे माहीतच नाहीये असं वाटतं. ती मी आजही बघू शकतो.

अजून एक म्हणजे जाडी, रंग, दात, टक्कल. यावरचा पंच पहिल्यांदा सुद्धा मला नाही आवडत, पण दुसऱ्यांदा तर नुसता कंटाळा. लेखकाला काही सुचलं नाही की समोरच्याच्या पोटाकडे बोट दाखवायचं.

आणि ते रिअ‍ॅक्शन शॉट!! पंच पडला की लगेच परीक्षक सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक हसताना दाखवायचे. अरे बाबा त्या सेकंदाला मला स्टेजवरच्या दुसऱ्या माणसाचं तोंड बघायचं असतं ना, खरी मजा तिथे असते.

तुमची कुठली टिकली ते सांगा. हास्यजत्राच पाहिजे असं नाही, फू बाई फू, हवा येऊ द्या, दूरदर्शनचंही चालेल. फक्त "हल्ली सगळंच भंगार" एवढंच लिहायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा.

---

मिरचीभजी

एवढा विचार करून कोण हसतं हो 😄 दिवसभर ऑफिसात डोकं पिकतं, घरी येऊन एक स्किट बघायचं आणि झोपायचं. 2021 मध्ये घरातले सगळे एकामागोमाग एक पॉझिटिव्ह आले होते, वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकच स्किट लावायचो आणि भिंतीपलीकडून बाबांच्या हसण्याचा आवाज आला की कळायचं खोकला कमी आहे. त्यामुळे मला त्या कार्यक्रमाबद्दल वाईट बोलवत नाही, शालू तर नाहीच नाही. शालूला माझ्याकडून आजन्म माफी.

बाकी रिअ‍ॅक्शन शॉटबद्दल +१००

---

विंगेतला

धागाकर्ता, पालुपदाबद्दल सहमत पण कारण मला वेगळं वाटतं. मी हौशी रंगभूमीवर अनेक वर्षं लाइट्स करतोय (म्हणजे सगळ्यात फुकटचा प्रेक्षक) म्हणून थोडं लांबण लावतो.

हास्यजत्रेतले बरेचसे लोक एकांकिका-नाटकातून आलेत. त्यांना बेअरिंग, म्हणजे भूमिका न सोडता त्यातच राहणं, काय असतं ते नीट माहीत आहे. बेअरिंग धरून ठेवलं तर प्रसंग कितीही येडपट असला तरी खरा वाटतो आणि खरा वाटला तरच तो परत बघवतो. आता अ‍ॅडिशन घेणं, म्हणजे संहितेत नसलेलं वाक्य आयत्या वेळी टाकणं, ही पण आपली जुनी परंपरा आहे, तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या आदल्या रात्रीचं वाक्य दुसऱ्या रात्री बोलेलच असं नाही, गावात काय घडलं ते बघून टाकायचा. मजा यायची कारण ते त्या रात्रीपुरतंच होतं, परत बघायची सोयच नव्हती! आता तेच कॅमेऱ्यात पकडून यूट्यूबवर कायमचं ठेवलं जातं. सेटवर कुणीतरी अ‍ॅडिशन घेतली, समोरच्याचं बेअरिंग सुटलं, तो पाठ फिरवून हसायला लागला, सूत्रसंचालक प्राजक्ता माळी "वा दादा वा" म्हणाली, सगळे लोटपोट. पहिल्यांदा बघताना आपणही त्या दंग्यात सामील असतो. दुसऱ्यांदा बघताना आपण बाहेरचे असतो, हे लोक आपापसात का हसतायत असं होतं. माझ्या मते तुमचं हसू जातं ते इथे.

दुसरा घोळ शेवटाचा. आपल्याकडच्या स्किट्सना शेवटच नसतो. दहा-बारा मिनिटं भन्नाट चाललेलं असतं आणि मग कुणीतरी बाहेरून येतो, गाणं लागतं, सगळे नाचतात, संपलं. किंवा एकदम हळवं म्युझिक आणि "आईबापांना विसरू नका". एकांकिकेत असा ब्लॅकआउट घेतला असता तर परीक्षकांनी सोलून काढलं असतं. पण हेही खरं की एकांकिका महिनोनमहिने तालमीत घासतात आणि इथे आठवड्याला ढीगभर स्किट्स लागतात. कार्यक्रमाचे कर्तेधर्ते सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांनी 2018 पासून हे चालू ठेवलंय, नुसता आकडा डोळ्यासमोर आणा. चौघुले, प्रसाद खांडेकर, श्रमेश बेटकर असे लोक स्वतः लिहितात आणि स्वतःच उभे राहतात म्हणून निभतं, नाहीतर कधीच गाडी बंद पडली असती.

टिकलेल्यांत माझं मत नम्रता संभेराव. तिचं लॉली हे पात्र कितीही आरडाओरडा करो, त्या बाईला काहीतरी पाहिजे असतं आणि ते मिळाल्याशिवाय ती हलणार नाही, हे तिच्या नुसत्या उभं राहण्यात दिसतं.

---

वऱ्हाडी ठेचा

माझं जरा वेगळंच रडगाणं आहे. काऊन की आमच्या भाषेत कोणी टीव्हीवर बोललं की लोक वाक्य संपायच्या आधीच हसतात राजेहो!! पात्र डॉक्टर आहे का चोर आहे काही घेणं नाही, वऱ्हाडी बोलला, हसा. मालवणीचं तेच, आगरीचं तेच.

आता भरत गणेशपुरे आमच्या अमरावतीचे, हवा येऊ द्या मध्ये त्यांचं वऱ्हाडी मला जाम आवडायचं. पण ते का आवडायचं ते सांगतो, त्यांचा माणूस बोलतो तो विचारच वऱ्हाडी असतो. उन्हात घामाघूम होऊन बसलेल्या माणसाला कशाचंच फारसं कौतुक नसते, समोर एवढा मोठा हिरो येऊन बसला तरी हे आपले त्याला शेतीचं, लग्नाचं विचारणार. तिथे विनोद माणसात आहे. आणि दुसरीकडे मुंबईचा नट दोन वाक्यांत चार वेळा "बाप्पा" टाकतो, "मले तुले" करतो आणि झालं म्हणे वऱ्हाडी स्किट. ते मी पहिल्यांदाही बघू शकत नाही, दुसऱ्यांदाची गोष्ट दूर.

हास्यजत्रेतला अरुण कदमांचा दादूस, तो आगरी बोलणारा, आगरी लोकांना कसा वाटतो हे कोणी त्या बाजूचं सांगेल का? मला आवडते, पण मी पडलो परका.

---

आगरबाजार ते अलिबाग

दादूस आमच्या घरात चालतो 🙏 आजी म्हणते हा आपल्यातलाच आहे. हां पण प्रत्येक आगरी माणूस गळ्यात किलोभर सोनं घालून हळदीला नाचतोय हे दाखवायचं बंद करा, आमच्यात सीए पण आहेत.

---

सुमनआत्या

मुलांनो, मी तुमच्यापेक्षा बरीच मोठी, त्यामुळे माझी यादी कृष्णधवल टीव्हीपासून सुरू होते. मुंबई दूरदर्शनवर विनायक चासकरांचा गजरा असायचा, त्यात छोटी छोटी प्रहसनं. आणि चिमणराव! दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तेव्हा आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरी होता आणि त्या घरातल्या काकू चपला मोजून मगच आत घ्यायच्या, ते असो.

मला सांगायचंय ते हे की तेव्हा पंचबिंच काही नव्हतं. चिमणराव साधं काहीतरी करायला निघायचा आणि त्याच्या भिडस्तपणामुळे सगळा गोंधळ व्हायचा, गुंड्याभाऊ तो निस्तरायला म्हणून येऊन दुप्पट करायचा. पुढे प्रभावळकरांचेच टिपरे आबा आले, अल्फा मराठीवर 2001 पासून. एका एपिसोडभर घरात फक्त एखादी वस्तू घ्यायची की नाही एवढंच चाललेलं असायचं, पण आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या, प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या त्याच्या जागी बरोबर. म्हणून मी टिपरे आजही लावते. हास्यजत्रेत माणसं दर वेळी नवी, दहा मिनिटांत त्यांची ओळख करून द्यायची, त्यांना भांडायला लावायचं आणि हसवायचं, हे फार अवघड आहे हो. मालिकेची आणि स्किटची तुलना करताना हे लक्षात घ्या.

पुरुषांनी साडी नेसून केलेला विनोद मला एरवी चालत नाही. त्याला अपवाद हवा येऊ द्या मधली सागर कारंडेची पुणेरी बाई. ती बाई मला माहीत आहे. आमच्या भिशीत होती.

---

मिरचीभजी

आत्या 😂😂 हसून हसून पुरेवाट. चपला मोजायच्या म्हणजे??

---

सुमनआत्या

चपलांचे जोड बारा झाले की दार बंद. तेराव्याने खिडकीतून बघायचं.

---

एडिसनकर

न्यू जर्सीतून हजेरी. आमच्याकडे दुसऱ्यांदा नाही, पंधराव्यांदा बघतात! मुलांचं मराठी सुधारावं म्हणून क्लिप्स लावायला सुरुवात केली. मुलगी गौरव मोरेची फॅन, "मी फिल्टरपाड्याचा बच्चन" म्हणत हिंडायची. पवईतला फिल्टरपाडा म्हणजे खरी वस्ती आहे आणि गौरव खरंच तिथे राहायचा हे तिला सांगितलं तर तिला ते जास्त भारी वाटलं, आता भारतात आलो की गेटवेच्या आधी फिल्टरपाडा बघायचाय म्हणते. धाकटा आजीशी फोनवर दादूसच्या टोनमध्ये बोलतो आणि सदाशिव पेठेतली आमची आई दर वेळी विचारते, "याला मराठी कोण शिकवतंय?"

निरीक्षण एवढंच, की मुलांना पालुपदच हवं असतं. शब्द अर्धे कळत नाहीत, पण भोजनेचं "अगं अगं आई" कधी येणार हे माहीत असतं आणि ते आलं की जिंकल्यासारखा आनंद. तेव्हा पालुपद सरसकट वाईट म्हणू नका, ज्याला भाषा कमी कळते त्याच्यासाठी तेवढाच कडीकोयंडा असतो धरायला.

---

गच्चीवरचा अँटेना

वा, प्रतिसाद मस्त येतायत. विंगेतला, ते "दुसऱ्यांदा बघताना आपण बाहेरचे" एकदम पटलं. काल मुद्दाम तसं एक स्किट परत बघितलं, त्यात तिघंही हसून पडलेत आणि मी आपला भात कालवत बसलोय. पण मग भोजनेचं काय? तो पण अ‍ॅडिशन घेतोच की, तरी टिकतो. मला वाटतं तो समोरच्याला हसवायला बघत नाही, आणि स्वतःही काही केल्या हसत नाही, चेहरा असा की याला खरंच कुणीतरी फसवलंय.

ठेचा, तुमच्या मुद्द्यावर हवा येऊ द्या ची एक गोष्ट आठवली. 2014 ला सुरू झालं तेव्हा थुकरटवाडी हे गाव होतं, त्यात सरपंचापासून सगळी माणसं होती आणि शहरातला सेलिब्रिटी त्या गावात पाहुणा म्हणून यायचा. म्हणजे चेष्टा व्हायची ती पाहुण्याची. शाहरुख दिलवाले घेऊन आला तरी भाऊ कदम आणि कुशल बद्रिके त्याच्यासमोर आपल्याच अडचणी मांडतायत. नंतर विश्व दौरा, शेलिब्रिटी पॅटर्न, होऊ दे व्हायरल असं काय काय करत गेले आणि गाव कुठेतरी हरवलंच. मग उरलं फक्त पिक्चरचं प्रमोशन आणि त्याच पिक्चरचं विडंबन. 2024 च्या मार्चमध्ये बंद झालं तेव्हा मला फार वाईट वाटलं नाही, वाईट त्याच्या आधीच वाटून झालं होतं. 2025 मध्ये अभिजीत खांडकेकरला सूत्रसंचालक म्हणून घेऊन परत आलं, पण आधीचा सूत्रसंचालक निलेश साबळे नाही म्हटल्यावर आमच्या घरी तो माहोल काही जमला नाही.

---

विंगेतला

थुकरटवाडीबद्दल अनुमोदन. पण एक गोष्ट विसरलात, पोस्टमनचं पत्र. अरविंद जगताप लिहायचे आणि सागर कारंडे वाचायचा. सगळा धुडगूस झाल्यावर एकदम शांत उभं राहून वाचन. मघाशी मी हळव्या शेवटाला नावं ठेवली, पण पत्र त्यात येत नाही कारण ते स्किटच्या शेपटीला चिकटवलेलं नसायचं, त्याची जागा वेगळी, आवाज वेगळा. आणि त्यातही विनोद असायचा, फक्त तो हसायला थांबायचा नाही.

---

वऱ्हाडी ठेचा

पत्र आमच्या घरी बाबा आवाज मोठा करून ऐकायचे, बाकी कार्यक्रमभर झोपलेले.

बरं फू बाई फू चं कोणीच काही लिहिलं नाही? भाऊ कदम पहिल्यांदा मला तिथेच दिसला. जोड्यांची स्पर्धा होती, समोर परीक्षक निर्मिती सावंत आणि स्वप्नील जोशी. स्पर्धा असल्यामुळे शेवट जरा बरे असायचे असं मला आठवते, गुण पाहिजे असत ना. यूट्यूबवर जे सापडते त्याचं चित्र फारच धुरकट आहे. चांगल्या प्रिंटची लिंक कोणाकडे असेल तर टाका, भाऊ आणि वैभव मांगले दोघांचं काहीही चालेल.

---

मिरचीभजी

लिंक शोधते. तोवर आत्या, त्या भिशीतल्या बाईंबद्दल अजून लिहा ना.