मदत हवी आहे: डायटम वाढेनात, लोखंड कमी की तांबं जास्त?
मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी स्केलेटोनेमा (डायटम, म्हणजे समुद्रातलं एकपेशीय शैवाल) वाढवतेय, मालवणचं समुद्राचं पाणी गाळून एफ बाय टू मीडियम (शैवाल वाढवायचं पोषक द्रावण) केलं पण पाचवा दिवस उजाडला तरी फ्लास्क नितळ, तपकिरी झाक नाहीच, उलट तळाशी गंजासारखा गाळ बसलाय. (डायटमच्या कवचाला लागणारं सिलिकेट टाकलंय, ते विचारू नका.) ईडीटीए (धातूंना धरून पाण्यात विरघळलेलं ठेवणारं रसायन) संपलं होतं म्हणून नुसतंच फेरिक क्लोराइड टाकलं, तिथंच माती खाल्ली बहुतेक, कारण पीएच ८ च्या आसपास लोखंड पाण्यात विरघळून राहतच नाही. मैत्रीण म्हणते तांबं नडलं असेल, ईडीटीए नसलं की ते मोकळं राहतं आणि पेशींना विषासारखं लागतं. ट्रेस मेटल (अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू) मोजायची सोय नाही आमच्याकडे, मग नेमकं कारण ओळखायचं कसं? आता वरून ईडीटीए टाकू की सगळं ओतून, भांडी ॲसिडनं धुऊन परत लावू? शनिवारी गाइडला दाखवायचंय 🙏