शब्दचर्चा : भावना ‘दुखावल्या’ की ‘दुखवल्या’?

मूळ प्रश्न (फोंडा)

आमच्या वाड्यावर जत्रेला दरवर्षी नाटक असते. यंदा पौराणिक आहे, पण दिग्दर्शक तरुण, त्यामुळे नारदाच्या एका हातात वीणा आणि दुसऱ्या हातात सेल्फी-स्टिक. तालमीचा व्हिडिओ कोणीतरी गटावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना फोन आला. शिवीगाळ नाही, आवाज चढवलेला नाही. नुसते, ‘आमच्या भावना दुखावल्यात.’ अध्यक्ष त्या रात्री जेवले नाहीत म्हणे.

मग ठरले की नांदीआधी माइकवरून एक सूचना वाचायची. मजकूर तपासायला माझ्याकडे आला, कारण मला मराठी येते असा गावाचा समज आहे (मी बँकेत आहे). मजकूर हा:

‘सदर नाटकातून कोणाच्याही धार्मिक भावना दुखावण्याचा आमचा हेतू नाही. तरीही कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास समिती दिलगिरी व्यक्त करीत आहे.’

दुखावण्याचा की दुखवण्याचा? शिवाय तालमीत दोन तट पडलेत. एक म्हणतो नारदाची विटंबना झाली, दुसरा म्हणतो हे विडंबन आहे. दोन्ही एकच शब्द ना? जाणकारांनी सांगावे. प्रयोग शनिवारी आहे.

डिचोली

शाळेत तेहतीस वर्षे व्याकरण शिकवले, त्यामुळे राहवत नाही.

मंदावणे, थंडावणे, स्थिरावणे, विसावणे, सुखावणे. ही सगळी भावंडे आहेत आणि सगळी अकर्मक. वारा मंदावतो, त्याला कोणी मंदावत नाही. दुखावणे त्याच घरातले. ‘फुटबॉल खेळताना पाय दुखावला.’ कोणी दुखावला? कोणी नाही, दुखावला. आता दुसरे घर बघा : बसवणे, हसवणे, रडवणे, फसवणे. इथे करणारा लागतोच. दुखवणे या घरातले. ‘म्हाताऱ्या माणसाला दुखवू नये’ असे आपण म्हणतो, ‘दुखावू नये’ असे निदान माझी आई तरी म्हणत नसे.

तेव्हा काटेकोर वाचले तर ‘भावना दुखावण्याचा हेतू नाही’ म्हणजे दुखावून घ्यायचा भावनांचा काही विचार नाही. ते खरे असते तर सूचनाच लागली नसती.

मात्र एवढ्यावरून अध्यक्षांना अडवू नका. वर्तमानपत्रांनी ‘त्याने भावना दुखावल्या’ हे इतक्या वेळा छापले आहे की आता ते चूक म्हणवत नाही. भाषा पुढे गेली, मी मागे राहिलो.

‘दुखावल्या गेल्या’ मात्र खोडाच. आधीच कर्ता नाही, त्यावर ‘गेल्या’ जोडून त्याला पार सीमेपलीकडे पाठवलाय.

मडगाव

सर, तुमची ही दोन घरे आमच्या धंद्यात रोज भेटतात.

1860 च्या दंडसंहितेत 298 वे कलम होते. धार्मिक भावना दुखवण्याच्या जाणूनबुजून केलेल्या उद्देशाने काही बोलणे, हावभाव करणे वगैरे. त्यातला इंग्रजी शब्द ‘वूंड’, म्हणजे जखम. 295-अ हे कलम मागाहून, 1927 साली आले. लाहोरला एका पुस्तकाचा प्रकाशक उच्च न्यायालयातून सुटला, त्यावर रान पेटले, मग हे कलम. तिथे शब्द आहे ‘आउटरेज’, आणि हेतू नुसता जाणूनबुजून असून भागत नाही, त्यात दुष्टावाही हवा. 1957 साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, पण सांगितले की बेफिकिरीने किंवा नकळत झालेला अपमान यात बसत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 298 चे 302 आणि 295-अ चे 299 झाले आहे.

आता गंमत. मराठीत आपण जखम आणि आउटरेज या दोघांनाही ‘दुखावणे’च म्हणतो. आणि तक्रार लिहून आणणारा माणूस नेहमी सरांचे पहिले घर वापरतो : ‘भावना दुखावल्या.’ कायदा विचारतो दुसऱ्या घरातले : कोणी दुखवल्या, आणि काय मनात धरून? पहिल्या वाक्यातून दुसऱ्याचे उत्तर निघत नाही. माझ्या टेबलावर आलेले अर्धे कागद या एका काना-मात्रेच्या फटीत पडतात.

डिचोली

वकीलसाहेब, काना फक्त. मात्रा नाही.

विटंबना-विडंबन राहिले. मूळ एकच, संस्कृत विडम्ब्, म्हणजे नक्कल करणे, सोंग आणणे. मराठीत येताना वाटण्या झाल्या. नपुंसकलिंगी विडंबन कवितेच्या वाट्याला आले, त्याला टाळ्या मिळतात. ‘ड’चा ‘ट’ झालेली विटंबना पुतळ्यांच्या, मूर्तींच्या बातम्यांत गेली. हिंदीत याच ‘विडंबना’चा अर्थ तिसराच, दैवाचा उफराटा खेळ. त्यामुळे दिल्लीहून आलेल्या मजकुराचे भाषांतर करताना आपल्याकडचे उपसंपादक ‘ही लोकशाहीची विडंबना’ असे ठोकून देतात. असो, तो वेगळा राग.

विडंबनाला अट एकच : मूळ ओळखू आले पाहिजे. तुमच्या नारदाकडे वीणा आहे ना? मग ओळखू येतोय.

पेडणे

सरांना नमस्कार. मी दशावतारी घरातला, म्हणून सोंगाबद्दल थोडे.

आमच्याकडे नाटकाआधी आडदशावतार. त्यात संकासुर येतो, काळे कपडे, काळा मुखवटा. वेद पळवणारा राक्षस, पण भटजीची फिरकी घेतो, गावच्या सरपंचाची घेतो, आणि वेळ आली तर समोर उभ्या विष्णूचीही. संवाद लिहिलेले नसतात. लोक पोट धरून हसतात. शेवटी विष्णू त्याला मारतो आणि तेच लोक हात जोडतात. हसणे आणि हात जोडणे यात मध्ये पाच मिनिटेसुद्धा नसतात. याला विटंबना म्हणताना मी अजून कोणाला ऐकले नाही.

लहानपणी एकदा आजीबरोबर रंगपटात गेलो होतो. किरीट डोक्यावर, शंख-चक्र बाकावर ठेवलेले, आणि विष्णू विडी ओढत बसलेला. आजी पदर सावरून उभी राहिली. विडी संपेपर्यंत थांबली. त्याने थोटूक पायाखाली विझवले, मग वाकून त्याच्या पाया पडली. त्यानेही आशीर्वाद दिला, विष्णूच्या आवाजात नाही, खोकत. आज त्याचा कोणी फोटो काढला असता तर सरांची ‘ट’वाली बातमी झाली असती. आजीला त्यात दुखावण्यासारखे काही दिसले नाही. तिला फक्त वेळ कळत होती, केव्हा तो देव आणि केव्हा शेजारच्या वाड्यावरचा माणूस.

म्हापसा

घरी कोंकणी, चर्चमध्ये कोंकणी, पण शाळेत मराठी शिकले, म्हणून इथे वाचत असते. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्या जेवणाच्या टेबलावर भिंतीला ‘निमाणें जेवण’ आहे, येशूचे शेवटचे भोजन. लिओनार्दोचे मूळ चित्र मिलानला, आमचे फ्रेमसकट बाजारातून आणलेले, वर प्लास्टिकची फुले. 26 जुलै 2024 ला पॅरिस ऑलिंपिकचे उद्घाटन टीव्हीवर चालू होते, आई समोरच बसली होती. लांब मेजामागे रांगेने उभे असलेले कलाकार, मध्ये एक बाई, तिच्या डोक्यामागे किरणांचा मुकुट. आईने एकदा टीव्हीकडे बघितले, एकदा भिंतीकडे. म्हणाली, ‘म्हाका वायट दिसलें.’ आणि भाजी निवडायला उठून गेली.

पुढे फ्रान्सच्या बिशपांनी निषेध केला. दिग्दर्शक तोमा जॉली म्हणाले, ते शेवटचे भोजन नव्हतेच, ऑलिंपसच्या देवांची मेजवानी होती, डायोनिससची. आयोजकांच्या प्रवक्त्या म्हणाल्या, कोणी दुखावले असेल तर खरोखरच वाईट वाटते. आता सरांच्या अटीप्रमाणे सांगा : करणारा म्हणतो मूळ वेगळे, बघणाऱ्याला भलतेच ओळखू आले. मग ते विडंबन झाले की नाही?

आणखी एक. आपल्या मराठी बायबलात या गुन्ह्याला ‘दुर्भाषण’ म्हटले आहे. येशूवरच तो आरोप झाला होता, ‘ह्याने दुर्भाषण केले आहे’ असे म्हणून मुख्य याजकाने आपली वस्त्रे फाडली. दुर्भाषण तोंडाने होते. मेजामागे उभे राहून होते का?

डिचोली

बाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. हेतूशिवाय विनोद होतो, हेतूशिवाय विडंबन होत नाही असे वर्गात शिकवत आलो. पण भिंतीवर चित्र असलेल्या घरात ते पुरत नाही.

‘ईशनिंदा’ हल्ली छापतात, तो हिंदीतून आलेला आणि परदेशच्या बातम्यांपुरता. आपल्या संतांना निंदेची एवढी भीती नव्हती. जनाबाई अंगणात उभी राहून विठ्ठलाला शिव्या देते, आणि त्या सौम्य नाहीत. तो अभंग आठवीच्या वर्गात कसा शिकवायचा या विचाराने मी दोनदा रजा टाकली आहे.

मडगाव

जनाबाईला ते शोभते, ती घरची. बाहेरच्याने तीच शिवी दिली तर? मला वाटते निम्मे वाद शब्दाचे नसतात, शब्द कोणाच्या तोंडचा याचे असतात.

आणि कधी नुसत्या नावाचे. 2017 चा इफ्फी आठवा, आपल्या पणजीतला चित्रपट महोत्सव. मल्याळी चित्रपट, नायिकेचे नाव दुर्गा, देवीचा संबंध नाही. मूळ नावातले पहिले विशेषण सेन्सॉरने छाटले, ‘एस दुर्गा’ राहिले. मंत्रालयाने तो आणि मराठीतला ‘न्यूड’ असे दोन्ही महोत्सवातून काढले. केरळ उच्च न्यायालयाने दाखवा म्हटले, तर ‘एस’पुढच्या चौकोनांवरून नवी शंका निघाली. महोत्सव संपला, पणजीत तो काही दिसला नाही. त्या चौकोनांना मराठीत काय म्हणावे हा सरांसाठी प्रश्न.

डिचोली

तोंडावर बोट.

वास्को

हे भावना दुखावण्याचे फॅड अलीकडचे. पूर्वी गोव्यात असले काही नव्हते.

डिचोली

होते हो. 1736 च्या इन्क्विझिशनच्या फर्मानात लग्नातली देशी वाद्ये आणि गाणी बंद केली होती, दारातली तुळससुद्धा. पण तिथे ‘दुखावणे’ चालणार नाही, ‘खुपणे’ म्हणावे लागेल. दुसऱ्याचे गाणे डोळ्यांत खुपते. फर्मान काढता येते त्याला खुपते, ज्याला येत नाही त्याला दुखते. नाटकाला फोन करणाऱ्याचे यातले कुठले, ते फोन ऐकणाऱ्याने ठरवावे.

फोंडा

फोन मी ऐकला नाही, पण तो गृहस्थ ओळखीचा आहे. दरवर्षी पहिल्या रांगेत असतो. अध्यक्षांचे म्हणणे, त्याला खुपलेले नाही, खरेच लागलेय. लागणे हा आणखी एक शब्द. ‘तुझे बोलणे मला लागले.’

म्हापसा

हेच मला सांगायचे होते. आईचे ‘वायट दिसलें’, तुमचे ‘लागले’, ‘वाईट वाटले’, यात ‘मला’ आहे. बोलणारा समोर दिसतो, त्याच्याशी बोलता येते. ‘भावना दुखावल्या’मध्ये ‘आमच्या’ असते. आमच्या म्हणजे कोणाच्या? आईला कोणी विचारलेच नव्हते.

पेडणे

आणि ती ‘असल्यास दिलगिरी’. दिलगीर हा फारसी, मन खिन्न झालेला. म्हणजे समिती सांगतेय की तुम्ही दुखावलात याचे आम्हाला दुःख झाले. चूक झाली असे कुठेच नाही. पॅरिसवाल्यांचेही तेच.

आमच्याकडे पेटाऱ्याची पूजा झाली की गाऱ्हाणे घालतात. त्यातही ‘असेल तर’ असतेच : आमच्या हातून काही चुकलेमाकले असेल तर, लेकरांचे म्हणून, पोटात घाल, व्हय महाराजा. तिथे जर-तर आपल्या चुकीला लावलेले आहे. सूचनेत ते समोरच्याच्या भावनेला लावलेय. ‘तुमचे दुखले असेल तर’ म्हणजे दुखलेय की नाही याचीच शंका.

भाई, तुम्ही गाऱ्हाणेच का घालत नाही?

मडगाव

कायद्याच्या दृष्टीने मी ‘हेतू नाही’ हे वाक्य ठेवायला सांगेन. उद्या कागद लागला तर ते उपयोगी पडते. गाऱ्हाणे कोर्टात वाचता येत नाही.

फोंडा

काल रात्री समिती बसली. वकीलसाहेबांचे वाक्य ठेवले, सरांच्या दुरुस्तीसह : ‘कोणालाही दुखवण्याचा आमचा हेतू नाही.’ धार्मिक आणि भावना दोन्ही गेले, वाक्य आपोआप माणसांचे झाले. दुसरे वाक्य पेडण्याच्या भाईंचे : ‘आमच्या हातून काही चुकलेमाकले असेल तर देवाने आणि गावाने पोटात घालावे.’ फोन केलेल्या गृहस्थाला तालमीला बोलावले होते. आला, पूर्ण बसला. सेल्फी-स्टिकवर काही बोलला नाही. नारदाच्या शेंडीचा गजरा उलट्या बाजूला आहे म्हणाला, तो बदलला.

अध्यक्षांना मजकूर पसंत आहे. त्यांचा आग्रह एकच, सुरुवातीला ‘सदर’ पाहिजे. त्याशिवाय सूचना वाटत नाही म्हणतात.

डिचोली

‘सदर’साठी वेगळा प्रश्न टाका. आणि शनिवारी पडदा किती वाजता तेही.