मदत हवी आहे: वडिलांच्या चित्रांचे फोटो रंग न बिघडता कसे काढावेत?

वडिलांची साधारण ९० चित्रं आहेत. निम्मी कॅनव्हासवरची तैलचित्रं, बहुतेक व्यक्तिचित्रं. बाकीचे जलरंग काचेच्या फ्रेममध्ये. प्रत्येक चित्राखाली त्यामागची आठवण लिहून ती सगळ्यांना दाखवायची आहेत. मोबाइलच्या फोटोत तैलरंगाच्या गडद जागा चकाकतात. कंदिलाच्या उजेडातला आईचा चेहरा मूळ चित्रात तांबूस आहे, तो फोटोत फिका, निळसर येतो. दोन जलरंगांवर बुरशीचे ठिपकेही आहेत. ओल्या फडक्याने पुसले तर चालतील का?

प्रतिसाद १
आधी कंदिलाचं. चित्रातला पिवळा हा खोलीतल्या दिव्याचा समजून कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय) तो काढून टाकतो. चित्रकार हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’चा (हातात दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चित्राचा) असा फोटो काढला तर दिव्याचा उजेडच मरेल. चित्राशेजारी ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) धरून व्हाइट बॅलन्स ठरवा आणि लॉक करा. एक्स्पोजरही (कॅमेऱ्याने किती उजेड घ्यायचा ते) हातानेच ठेवा, नाहीतर गडद पार्श्वभूमी पाहून कॅमेरा सगळंच उजळतो: अंबर या गडद तपकिरी रंगाच्या सावल्या राखाडी, कपाळ पांढरंफटक.

चकाकी टाळायला ५००० ते ५५०० केल्विनचे (दिवसाच्या उजेडासारखे पांढरे), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५च्या वरचे दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावा. घरातले बाकी दिवे बंद. लेन्सवर पोलरायझर (चकाकी अडवणारा फिल्टर) आणि दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म लावली तर उरलेली चमकही जाते. मात्र ती पूर्ण मारू नका. जाड रंगाच्या फटकाऱ्यांवर थोडी चमक राहू द्या, नाहीतर चित्र छापील दिसतं. कॅमेरा चित्राला समांतर आहे का, हे पाहायला छोटा आरसा चित्राच्या मध्यावर सपाट धरा. लेन्स आरशात मधोमध दिसली पाहिजे. मोबाइलची वाइड लेन्स टाळा, कडा फुगतात.

प्रतिसाद २
ओलं फडकं अजिबात नको! जलरंग सुटेल आणि बुरशी कागदाच्या तंतूंत घासली जाईल. फ्रेम उघडताना रंग काचेला चिकटलाय का ते बघा. चिकटला असेल तर ओढू नका, कागदाच्या संवर्धकाकडे (जुन्या कागदी चित्रांची दुरुस्ती-जपणूक करणाऱ्याकडे) न्या. नसेल तर कोरड्या, सावलीच्या जागी दोन-तीन दिवस ठेवा. बुरशी भुकटीसारखी कोरडी झाली की एन-९५ मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने हलकेच झटका. पेस्टलला (रंगीत खडूच्या चित्राला) मात्र ब्रशही लावू नका. डाग उरतील ते राहू द्या. पुन्हा फ्रेम करताना मागे उघडा हार्डबोर्ड नको, त्यातल्या आम्लाने कागद तपकिरी पडतो. आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) घ्या, काच आणि कागद यांत ३-४ मिलिमीटर फट ठेवा.

प्रतिसाद ३
पाठीचाही फोटो घ्या. सही, तारीख, प्रदर्शनाची चिठ्ठी तिथेच सापडते. आईंना एकेक चित्र दाखवून विचारा: बसलं कोण होतं, खोली कुठली, खिडकी कोणत्या बाजूला. तो तपशील वहीत क्रमांकानिशी लिहा. चित्राच्या पाठीवर बॉलपेन नको, दाब पुढे उमटतो.

हक्कांचंही पाहा. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट वारसांकडे राहतो, पण पैसे देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणाऱ्याकडे जातो. अशी चित्रं सगळ्यांना दाखवण्याआधी त्या घराला विचारा.