स्कॉटलंडला गाडीने ६ रात्री, सोबत आई-बाबा. स्काय करू का मल?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मे अखेरीला आम्ही चौघं, मी, बायको आणि आई-बाबा, स्कॉटलंडला निघालोय. ग्लासगोत उतरणार, एडिंबरातून परत, मधल्या ६ रात्री भाड्याची गाडी. कोल्हापूर-गगनबावडा-कणकवली मी १५ वर्षं चालवतोय, तिकडंही आपल्यासारखं डाव्या बाजूनंच चालवायचं असतंय, म्हणून म्हटलं ड्रायव्हर कशाला. मॅप बघून लिहिलंय ते असं: ग्लेनकोची दरी, फोर्ट विल्यम, स्काय बेट, मग उत्तरेचा तो ५०० मैलांचा गोल रस्ता, जमलं तर ऑर्कनी बेटं, येता येता मल बेट. बायको म्हणते ही ट्रिप नव्हं, एसटीचं वेळापत्रक आहे. बाबांचा गुडघा दुखतो, आई शाकाहारी. यातलं किती कापू? आणि फेरीबोटीत गाडी न्यायला आधी बुकिंग लागतं का रांगेत उभं राहिलं की घेतात?

तांबडा_पांढरा
वहिनींचंच खरं भावा. मी ३ वर्षं ग्लासगोत होतो. ऑर्कनी आणि ५०० मैलवाला रस्ता आजच खोडून टाक, त्या एका रस्त्यालाच आठवडा पाहिजे.

तिकडं किलोमीटर मोजायचं नाही, तास मोजायचे. ग्लासगो ते फोर्ट विल्यम १७० किमीच्या आसपास, म्हणजे आपलं कोल्हापूर-सातारा अजून थोडं पुढं, पण लॉख लोमंड तळ्याच्या काठानं रस्ता अरुंद आणि वळणाचा, वर ग्लेनकोला दर दोन मिनिटांनी आई म्हणणार थांब रे जरा. अर्धा दिवस धर.

आता घाटाची भीती नाही म्हणतोस ते ठीक, पण बेटावरच्या सिंगल ट्रॅकची गंमत वेगळी. अख्खा रस्ता एका गाडीपुरता, आणि थोड्या थोड्या अंतरावर पासिंग प्लेस म्हणून फुगवटा असतो. तो डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं, उजव्या हाताला असेल तर आत जायचं नाही, आपण रस्त्यावरच त्याच्या समोर थांबायचं, समोरचा त्यातनं वळसा घेऊन जातो. मागं कोण घाईत असेल तर त्यालाही असंच पुढं सोडायचं. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर मासळीचा मोठा ट्रक आला, मी आपल्या सवयीनं डिपर मारला आणि पुढं दामटलं, बरोबर नाकासमोर नाक. तो बिचारा काही बोलला नाही, इंजिन बंद करून थर्मासातला चहा ओतून घेतला! मग मीच मुकाट्यानं रिव्हर्स घेतला, घेताना डावा टायर कडेच्या दगडावर गेला आणि फाटला. टायर इन्शुरन्समध्ये बसत नाही हे गाडी परत देताना कळलं, ते पैसे आठवले की अजून पोटात कळ येते. तर एक्सेस, म्हणजे नुकसान झालं तर आपल्या खिशातनं भरायची रक्कम, किती, टायर-काच धरलीय का, हे काउंटरवर वाचून मगच सही कर. डिपॉझिटला गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात.

आणि इंडिकेटर डाव्या हाताला असतोय. दोन दिवस प्रत्येक वळणावर वायपर फिरणार, लाजायचं नाही.

शाहूपुरीची_सून
आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो म्हणून लिहिते. ६ रात्रीत एकच बेट करा आणि ते स्काय करा, कारण त्याला पूल आहे. १९९५ साली झाला, टोल २००४ मध्ये बंद झाला. मलला गाडी घेऊन जायची म्हणजे बोटच, वारा सुटला की बोट रद्द, आणि पुढचं हॉटेल, विमान सगळं लटकतं. तरी आई-बाबांना बोटीची हौस असणारच, तर जाताना मॅलेग बंदरावरून स्कायच्या आर्माडेलला गाडीसकट बोटीनं जा, पाऊण तासाची आहे, आणि येताना पुलावरून या. कॅलमॅक या फेरीबोट कंपनीचं गाडीचं बुकिंग सुरू झाल्या झाल्या करून टाका, उन्हाळ्यात रांगेच्या भरवशावर राहू नका. मॅलेगच्या वाटेवर ग्लेनफिनॅनचा २१ कमानींचा रेल्वेपूल लागतो, वाफेच्या गाडीच्या वेळेला पार्किंग मिळत नाही, त्याच्या बऱ्याच आधी पोचा.

गुडघ्याचं म्हणाल तर स्कायवरच्या स्टॉर सुळक्याची चढण बाबांना नको, तो सुळका रस्त्यावरूनही दिसतो. त्याऐवजी तिथलाच क्विरँगचा डोंगर, तिथं गाडी पार वरपर्यंत जाते, दार उघडलं की समोर सगळं.

जेवणाचं ऐका. उजेड रात्री दहापर्यंत असतो त्यामुळे वेळ कळतच नाही, आम्ही नऊ वाजता स्कायच्या पोर्ट्री गावात हॉटेल शोधत फिरलो, सगळीकडं किचन बंद. शेवटी खोलीवर किटलीतलं गरम पाणी, पोहे आणि शेंगदाण्याची चटणी. सासूबाई म्हणाल्या आजवरचं सगळ्यात चांगलं जेवण 😄 तेव्हापासून स्वयंपाकघर असलेलंच घर घ्यायचं ठरवलं. हॅगिस हा तिकडचा मटणाचा पदार्थ शाकाहारी पण मिळतो, आईंना आवडेल, मसालेदार असतो.

घाटमाथा
त्या बेटाचं नाव मराठीत लिहिताना जरा जपून हो, मल्ल लिहा, कोल्हापूरला शोभतंय पण.

मी मल्लच्या बाजूनं. तिथून स्टाफा नावाच्या बेटाला छोटी बोट जाते, बेसॉल्टचे षटकोनी खांब एकाला एक चिकटून उभे आणि मधोमध समुद्राची गुहा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडे जाऊन असे खांब होतात. तसले खांब आपल्या पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला पण आहेत, किती जणांनी बघितलेत? मे-जूनमध्ये स्टाफावर पफिन पक्षीही असतात. पण बोटीतनं उतरायला धक्का ओला असतो, गुडघ्यावाल्यांचं अवघड आहे हे मान्य.

मिज या किड्यांचं कोणी सांगितलं नाही. चिलटापेक्षा बारीक, वारा पडला की संध्याकाळी ढगानं येतात आणि चावतात. मे अखेरीला सुरुवात होते. तिथल्याच दुकानात मिळतं ते औषध घ्या, इथलं नेऊ नका.

पंचगंगाकाठ
आभार सगळ्यांचे. बायकोला वाचून दाखवलं, ती नुसती हसली. आता असं: ग्लासगो १, फोर्ट विल्यम १, मॅलेगवरून बोट, स्काय ३ किचनवाल्या घरात, पुलावरून एलन डोनन किल्ला बघत खाली येऊन एडिंबरा १. मल्ल पुढच्या खेपेला, त्याआधी बांदिवडे बघून घेतो. एक शेवटचं, आई खव्याचे पेढे न्यायचे म्हणून बसलीय, नेऊ देतात का?

शाहूपुरीची_सून
नाही हो. आपल्याकडून मांस आणि दुधाचे पदार्थ तिकडं नेता येत नाहीत. चटणी-मेतकूट भरपूर न्या, पेढे विमानतळावर निरोप द्यायला येणाऱ्यांना वाटून टाका.

तांबडा_पांढरा
निरोपाला कधी येऊ भावा?