सर्क्युलर इकॉनॉमीला 'चक्रीय' म्हणावं का? आणि त्यातल्या लीडरशिपला?

एका ट्रेनिंगच्या स्लाइड्स मराठीत करतेय, मथळा आहे 'सर्क्युलर इकॉनॉमीमध्ये लीडरशिप' (म्हणजे वस्तू फेकून न देता दुरुस्त करून, पुन्हा वापरून फिरत्या ठेवायची पद्धत). मी 'चक्रीय अर्थव्यवस्थेतील नेतृत्व' केलं तर बाबा म्हणाले हे तेजी-मंदीबद्दल आहे का? (आईला तर सर्क्युलर म्हणजे परिपत्रकच वाटलं, नोकरीभर तेच वाचलंय तिने.) दुसरं काही सुचवा ना.

प्रतिसाद १
बाबांचं बरोबर आहे. अर्थशास्त्रात 'चक्रीय बेरोजगारी' असते, मंदीत येणारी, म्हणजे त्या शब्दावर दुसऱ्या अर्थाने आधीच जागा धरून ठेवलीय. 'वर्तुळाकार' म्हटलं की मला डायनिंग टेबल दिसतं. त्यातल्या त्यात 'चक्राकार' बरा.

प्रतिसाद २
अहो पण आपल्याकडे 'मोड' आहे की! आजी पिचलेला पितळी हंडा घेऊन तांबट आळीत जायची, दुकानदार काट्यावर टाकणार, घट धरणार, म्हणजे थोडं वजन कापणार, मग उरलेल्या वजनाचे मोडीच्या भावाने पैसे वळते करून नवं पातेलं, आणि घट किती धरायची यावर अर्धा तास हुज्जत. ते पितळ वितळून परत भांडंच व्हायचं. गंमत म्हणजे आता 'मोडीत काढलं' म्हणजे विषय संपला, कायमचं बाद, असा अर्थ झालाय. एकदम उलटा. बोहारणीचंही मोडीसारखंच, जुन्या साड्या द्या, स्टीलचा डबा घ्या.

प्रतिसाद १
मोड भारी आहे पण अख्ख्या इकॉनॉमीला नाही पुरणार, कंपोस्ट, दुरुस्ती, भाड्याने वापरणं हे सगळं कुठे बसवायचं?

प्रतिसाद ३
'नेतृत्व' मात्र काढाच, स्टेज आणि हारतुरे आठवतात. 'पुढारी' तर त्याहून वाईट. 'पुढाकार' घ्या, तो कुणालाही घेता येतो. 'धुरीण'ही चांगला होता, मूळ 'धुर्' म्हणजे जू, ओझं ओढणारा तो धुरीण, पण आता अग्रलेखातच उरलाय. पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना बघा, १९९३ची, नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. काय वेचतो ते नावातच, उगाच अलंकार नाहीत. आणि 'कचरेवाली' सोडून 'कचरावेचक' म्हणायचं हाही पुढाकारच की, एक घाण करणाऱ्यासारखं वाटतं, दुसऱ्यात काम दिसतं.

मूळ प्रश्नकर्ती
'चक्राकार अर्थव्यवस्थेत पुढाकार' टाकलं, थँक्यू! मोडीचा किस्सा पण घेतेय, फक्त आमचे ट्रेनर बंगाली आहेत, त्यांना 'घट' काय म्हणून समजावू?